फ्लाइट सिम्युलेटरमधील ऐतिहासिक लष्करी हवाई तळांची पुनर्निर्मिती

फ्लाइट सिम्युलेटरमधील ऐतिहासिक हवाई तळाची पुनर्निर्मिती म्हणजे एखादा लष्करी विमानतळ आणि त्याभोवतीचा भूप्रदेश विशिष्ट कालखंडात जसा होता, तसा संगणकीय उड्डाण-सदृशीकरणात उभा करण्याची प्रक्रिया होय. त्यात धावपट्टी, हँगर व नियंत्रण मनोरा यांच्या त्रिमितीय प्रतिकृतींबरोबरच नद्या, जलाशय, रस्ते, शेती आणि वस्ती यांचीही कालानुरूप मांडणी करावी लागते. महाराष्ट्रातील लोहगाव (पुणे) हवाई तळ आणि त्याच्या ईशान्येस सुमारे १०० किमीवरील अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा परिसर हे या प्रक्रियेतील प्रश्न समजून घेण्यास उपयुक्त उदाहरण आहे.

== पार्श्वभूमी ==
एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेले ‘लिंक ट्रेनर’ हे सुरुवातीच्या यशस्वी उड्डाण-प्रशिक्षण यंत्रांपैकी एक होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याचे शिक्षण त्यावर दिले जाई. घरगुती संगणकावर हा अनुभव ब्रूस आर्टविक यांच्या आज्ञावलीमुळे आला आणि १९८२ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०२० च्या आवृत्तीत उपग्रह व हवाई छायाचित्रांवरून जवळजवळ संपूर्ण पृथ्वीचे दृश्य उभे करण्यात आले. ‘एक्स-प्लेन’ आणि मुक्त स्रोत ‘फ्लाइटगिअर’ या प्रणालींमध्येही वापरकर्त्यांना स्वतः विमानतळ तयार करता येतात.

== आधारसामग्री ==
भूप्रदेशाच्या उंचीसाठी प्रामुख्याने फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अंतराळयानाने केलेल्या रडार सर्वेक्षणाची सामग्री वापरली जाते. तिच्यातील बिंदूंमधील अंतर सुमारे ३० मीटर असते. जुन्या स्थितीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंच = एक मैल प्रमाणाचे नकाशे आणि १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने काढलेले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे उपयोगी पडतात. इमारतींच्या प्रतिकृती बहुधा ‘ब्लेंडर’सारख्या आज्ञावलीत घडवून सिम्युलेटरमध्ये बसवल्या जातात.

== लोहगावचे उदाहरण ==
लोहगाव तळ ब्रिटिश राजवटीत १९३९ मध्ये स्थापन झाला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ५९२ मीटर आहे. ही उंची प्रतिकृतीत अचूक ठेवणे आवश्यक असते. ती चुकल्यास धावपट्टी जमिनीपासून वर तरंगते किंवा जमिनीत रुतलेली दिसते. शिवाय उंचीबरोबर हवा विरळ होत असल्याने उड्डाणासाठी लागणारे धावेचे अंतरही चुकते.

आजची छायाचित्रे आधार धरल्यास १९४० च्या दशकातील तळाभोवती विमाननगर, खराडी अशी दाट नागरी वस्ती दिसू लागते. त्यामुळे आधी आधुनिक बांधकामे काढून टाकणे, मग तेथे शेते व माळरान दाखवणे आणि शेवटी जुन्या इमारती बसवणे असा क्रम पाळला जातो.

== अहमदनगर जिल्ह्याच्या भूप्रदेशातील दुरुस्त्या ==
लोहगावहून ईशान्येकडे निघालेल्या वैमानिकाला जमिनीवरील खुणा ओळखून मार्ग काढता येणे, ही पुनर्निर्मितीची खरी कसोटी असते. दौंड–मनमाड रेल्वेमार्ग, खंदकाने वेढलेला जवळजवळ वर्तुळाकार अहमदनगरचा भुईकोट किल्ला आणि शहराच्या पूर्वेकडील डोंगरावरची ‘चांदबीबी महाल’ म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची अष्टकोनी कबर या खुणा त्या काळातही होत्या. याच किल्ल्यात १९४२ पासून जवाहरलाल नेहरू व काँग्रेस कार्यकारिणीचे अन्य सदस्य स्थानबद्ध होते.

जलाशयांबाबत मात्र प्रत्येकाचा काळ स्वतंत्रपणे तपासावा लागतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले असल्याने ते १९४० च्या दशकातील दृश्यात असले पाहिजे. राहुरी तालुक्यातील मुळा धरण १९७० च्या दशकातील आहे. गोदावरीवरील जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. त्याचा नाथसागर जलाशय नेवासा व शेवगाव तालुक्यांत पसरला आहे. हे दोन्ही जलाशय त्या दृश्यातून वगळावे लागतात. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाल्याने तोही वगळला जातो.

केवळ पाण्याचा रंग बदलून हे काम भागत नाही. रडार सर्वेक्षणाच्या वेळी खोरे पाण्याखाली असल्याने त्या जागी सपाट पृष्ठभाग नोंदला गेला आहे. मूळ नदीपात्र आणि काठ जुन्या नकाशांतील समोच्च रेषांवरून पुन्हा रेखावे लागतात. नाथसागरात बुडालेल्या नदीकाठच्या वस्त्यांची जागाही अशाच नकाशांवरून निश्चित करता येते.

शेतीचे रंगही याच पद्धतीने ठरतात. प्रवरा कालव्यांमुळे श्रीरामपूर परिसरात १९४० च्या दशकातही ऊस होता. मुळा धरणाचे लाभक्षेत्र मात्र त्या काळासाठी बहुतांशी कोरडवाहू दाखवणे योग्य ठरते.

== मर्यादा ==
लोहगाव हा आजही भारतीय हवाई दलाचा कार्यरत तळ आहे. सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ मध्ये येथेच हवाई दलात औपचारिकपणे दाखल झाली. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार हवाई दलाची ठाणी ‘प्रतिबंधित स्थाने’ या व्याख्येत येतात. देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतूने त्यांचे आराखडे किंवा रेखाटने तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे अशा तळाच्या बाबतीत प्रत्यक्ष मोजमापाऐवजी पूर्वी प्रकाशित झालेल्या नकाशांवर आणि छायाचित्रांवर अवलंबून राहणे इष्ट ठरते.

दुसरी मर्यादा विश्वसनीयतेची आहे. उपलब्ध छायाचित्रात इमारतीची एकच बाजू दिसत असल्यास उरलेल्या बाजू अनुमानाने भराव्या लागतात. सिम्युलेटरच्या पडद्यावर मात्र पुराव्याने सिद्ध झालेला भाग आणि अनुमानित भाग सारखेच खरे दिसतात. म्हणून प्रतिकृतीसोबत तिचे निश्चित वर्ष, वापरलेले नकाशे आणि अनुमानित भाग यांची लेखी नोंद दिल्यास ती इतिहासाच्या अभ्यासासाठी उपयुक्त ठरते. अशी नोंद नसेल, तर तिचे मूल्य मनोरंजनापुरते मर्यादित राहते.

== हे सुद्धा पहा ==
* लोहगाव विमानतळ
* अहमदनगरचा भुईकोट किल्ला
* जायकवाडी धरण
* भंडारदरा धरण