उदगीरची मोहीम आणि बातमीची पारख

गूढपुरुषांच्या वृत्तावर विश्वास केव्हां ठेवावा, याचा नियम कौटिल्यानें घालून दिला आहे : परस्परांस अज्ञात अशा तिघांचें वृत्त जुळलें तर तें ग्राह्य. मर्म 'तीन' या संख्येंत नसून 'परस्परांस अज्ञात' या पदांत आहे. एकाच छावणींतून निघालेल्या बातमीच्या तीन नकला म्हणजे एकच साक्षी.

लातूर जिल्ह्यांतील उदगीर-औशाच्या परिसरांत ता. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या सैन्याचा पराभव केला. त्यापूर्वीं चोवीस दिवस, ता. १० जानेवारीस, दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले होते. परंतु ही वार्ता दक्षिणेंत लढाईनंतर पोंचली. तेव्हां या सुमारास दक्षिणेंतून लिहिलेल्या एखाद्या पत्रांत उत्तरेविषयीं निश्चिंतता दिसली, तर लिहिणारा कपटी ठरत नाहीं. उलट, लढाईच्याच तारखेच्या पत्रांत दत्ताजींचा शोक आढळल्यास तें पत्र, निदान त्याची तारीख, संशयास्पद समजावी. मग खालीं मोर्तब कोणाचेंही असो. नांदेड-लातूरकडील जुने कागद वाचतांना सहीशिक्का आपण आवर्जून पाहतों. लिहिणाऱ्यास बातमी कोणत्या वाटेनें व किती दिवसांनीं आली असेल, हें मात्र क्वचितच विचारतों.