चार रुपये पगाराचा फिरकीपटू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर एक पोरगा कामाला होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेब सरावाला आले की चेंडू टाकायचा. त्याचं नाव बाळू पालवणकर.

पुढे इंग्लंडच्या हँपशायर कौंटीकडून खेळलेले कॅप्टन ग्रेग म्हणे बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायला इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे देत. हिशेब करून पाहा, महिन्यात आठ वेळा ग्रेगना गुंडाळलं की पगार दुप्पट! गोलंदाजाला याहून कडक शाळा कुठली मिळणार? पण वर्षानुवर्षं चेंडू टाकूनही क्लबात बाळूंच्या हाती कुणी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांची, घाम नोकराचा.

बाळू डावखुरे आणि संथ. अशा गोलंदाजाचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्याला आत येतोयसा वाटतो आणि टप्पा पडताच स्लिपकडे निसटतो. बाळू तो उलटाही वळवत, शिवाय वेग आणि उंची सतत बदलत. फलंदाजाने ओळखायचं तरी काय?

पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवा होता, पण माणूस चर्मकार जातीचा. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत; चहाला मात्र तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. अमेरिकेत कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनने मेजर लीग बेसबॉलमधली वर्णाची भिंत ओलांडली १९४७ साली. बाळू त्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने मुंबईत युरोपियनांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या बळींचा वाटा मोठा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरला. बाळूंनी तिशी ओलांडल्यावर, दुखऱ्या खांद्याने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले; एका बळीमागे धावा जेमतेम १९.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० साली त्यावरून भावांनी जाहीर निषेध केला, तेव्हा कुठे उपकर्णधारपद पदरात पडलं. १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी त्या वर्षीची मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली.