तारीख वकिलाने चुकवली, जमीन कुणाची गेली?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणणाऱ्यांचा सात-बारा बहुधा सुरक्षित असतो. आपल्या माणसांना ती पायरी चढावीच लागते. वतनाची जमीन, शेताचा बांध, गावठाणातली दोन खणांची जागा. दावा आटपाडीच्या दिवाणी कोर्टात आणि पक्षकार पोटासाठी मुंबईला. वकीलपत्रावर सही करायची, फी द्यायची आणि एस.टी.त बसायचे. "वकीलसाहेब बघतील!"

आणि वकीलसाहेबांनी बघितले नाही तर? समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने कैफियत द्यायची असते. कारणे नोंदवून न्यायाधीश ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवतात. त्यापुढे साध्या दिवाणी दाव्यात सवलत मिळते, पण अपवाद म्हणूनच. नाहीतर दावा विना कैफियत चालतो. तारखेला कुणीच उभे राहिले नाही तर निकाल एकतर्फी. तो रद्द करून घ्यायला ३० दिवस, जिल्हा न्यायालयात अपिलालाही ३० दिवस. पुढे उच्च न्यायालयाला ९० दिवस. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगलीकरांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. अंतर कमी झाले, मुदत तेवढीच राहिली.

मुदत टळली की विलंबमाफीचा अर्ज. इथे १९८१ चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल आपल्या कामाचा. अलाहाबाद उच्च न्यायालयात वकील गैरहजर राहिले म्हणून अपील फेटाळले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सुरू केले. खेड्यातल्या माणसाने वकील दिला, फी दिली, आता त्याने वकिलावर पहारा ठेवायचा काय, असा त्या निकालाचा रोख आहे. खर्चाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितले. रक्कम किरकोळ, पण बोट बरोबर माणसाकडे दाखवले, असे आम्हांला वाटते. मात्र त्यावर विसंबू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने रजनीशकुमार प्रकरणात बजावले की सगळे खापर वकिलावर फोडून पक्षकाराला सुटता येणार नाही, त्यानेही जागे राहिले पाहिजे.

मग वकिलाचे काय होते? बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली ताकीद, सनद काही काळ स्थगित किंवा कायमची रद्द, अशा शिक्षा आहेत. पण १९८३ च्या खांडेकर प्रकरणात, जे महाराष्ट्राच्याच बार कौन्सिलचे, सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नुसता निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, त्यात नीतिभ्रष्टता हवी. ग्राहक न्यायालयाचे दार १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाले. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो. म्हणजे एका वकिलाविरुद्ध दुसरा वकील शोधा, आणि पुन्हा तारखा मोजा! सनद गेली तरी गेलेली जमीन त्याने परत येत नाही.

म्हणून वकीलपत्र देतानाच सोळा अंकी-अक्षरी सी.एन.आर. नंबर लिहून घ्या. घरातल्या शिकत्या मुलीला सांगा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर ती पुढची तारीख व हुकूम मोबाइलवर पाहील. वकील बदलायचा हक्क आपला आहे. फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही हा दर्जा आहे. जातीचा दाखला आणि समन्सची प्रत सोबत न्या, आणि ३० दिवस संपायच्या आत जा.