दोन पावलांमधला फरक

चालीच्या प्रयोगशाळेत पहिल्या नजरेला फारसे काही दिसत नाही. लांबट खोली, भिंतींच्या वरच्या बाजूला कॅमेरे, मधोमध चालायला मोकळी वाट. खरे यंत्र पायाखाली असते. वाटेत जमिनीच्या पातळीला बसवलेल्या चौकोनी फोर्स प्लेट पाऊल खाली किती दाबते, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे किती रेटते, हे सेकंदाला शेकडो वेळा नोंदवतात. खुबा, गुडघा आणि घोट्यावर चिकटवलेल्या चकाकत्या गोळ्यांवरून कॅमेरे सांध्यांची हालचाल टिपतात. रुग्णाला सूचना एकच : नेहमीसारखे चाला. प्लेट नेमक्या कुठे आहेत हे शक्यतो त्याला सांगत नाहीत, कारण माणूस नेम धरून पाऊल टाकू लागला की ती त्याची चाल उरत नाही.

या खोलीची पूर्वज लायप्झिगची. तिथे १८९१ मध्ये विल्हेल्म ब्राउने आणि ओटो फिशर यांनी एका माणसाच्या अंगावर विजेने उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून त्याला अंधारात चालवले आणि छायाचित्रे घेतली. नळ्या बांधण्यातच तासन्‌तास गेले. पुढच्याच वर्षी ब्राउने वारले. उरलेली आकडेमोड फिशर कित्येक वर्षे हाताने करत राहिले, आणि आजचे संगणक जे काही मिनिटांत देतात त्याचा पाया त्या चिकाटीत आहे. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांमुळे या अभ्यासाची निकड वाढली. कॅलिफोर्नियात बर्कली इथे कृत्रिम पायांसाठी चालीचे सखोल संशोधन सुरू झाले. आपल्याकडे पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्रही त्याच युद्धातले, १९४४ चे.

एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचे एक आवर्तन धरतात. सहज चालीत त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाऊल जमिनीवर असते आणि ४० टक्के हवेत. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ टेकतो. लंगडणे म्हणतात ते बहुधा हेच. आता समजा उजवे पाऊल ०.७० सेकंद टेकले आणि डावे ०.६०. फरक ०.१०, सरासरी ०.६५. फरकाला सरासरीने भागून शंभराने गुणले की सुमारे १५ टक्के येतात. हा सममिती निर्देशांक १९८७ मध्ये रॉबिन्सन, हेर्त्सोग आणि निग यांनी मांडला. शून्य आले तर दोन्ही पाय सारखे.

सूत्र इतके सोपे आहे की त्याच्यावर पटकन विश्वास बसतो, आणि तिथेच सावध राहायला हवे. पाऊल बाजूला रेटते तो जोर मुळातच अगदी थोडा असतो. भागायची सरासरी शून्याजवळ गेली की निर्देशांक भडकतो. १९८९ मध्ये हेर्त्सोग आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांची चाल मोजली, तेव्हा काही बाबतींत हा आकडा १३,००० टक्क्यांच्याही वर गेला. ती माणसे लंगडत नव्हती. थोडी असमानता सर्वांच्याच चालीत असते. म्हणून आकड्यासोबत तो कशाचा, वेळेचा, लांबीचा की जोराचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

कॅनडातील डेव्हिड विंटर यांनी १९८८ मध्ये सिएन्को यांच्यासह याहून अवघड प्रश्न विचारला. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाला घोट्याचे स्नायूच नाहीत, मग त्याची चाल दोन्ही बाजूंनी सारखी का असावी? उरलेल्या बळावर शरीर बहुधा स्वतःची वेगळी, असमान पण सोयीची चाल शोधत असते, असा त्यांचा तर्क होता. मला तो फार मोलाचा वाटतो. रुग्णाच्या चालीतला प्रत्येक फरक दोष मानून पुसायला गेलो, तर त्याच्या शरीराने शोधलेली वाटच आपण बंद करू शकतो.

अर्धांगवायूत मात्र फरक कमी करण्याची एक नामी युक्ती सापडली आहे. तिथे डोळ्यांना चकवणारी गोष्ट अशी की, पुष्कळ रुग्णांमध्ये लुळ्या पायाचे पाऊल लांब पडते आणि चांगल्या पायाचे आखूड. लुळा पाय मागून शरीराला पुढे रेटू शकत नाही, हे त्याचे एक कारण. बाल्टिमोरमध्ये एमी बॅस्टियन यांच्या गटाने दोन स्वतंत्र पट्ट्यांची ट्रेडमिल वापरली; प्रत्येक पायाखालची पट्टी वेगळ्या वेगाने फिरते. पट्ट्या अशा लावतात की रुग्णाचा आधीचाच फरक आणखी वाढावा. दहा-पंधरा मिनिटांत मेंदू त्या विचित्र जमिनीशी जुळवून घेतो. मग दोन्ही पट्ट्या एका वेगाने सोडल्या की तीच सवय उलट्या बाजूला ओढते आणि पावले काही वेळ सारखी पडू लागतात! चूक वाढवून ती सुधारायची, ही कल्पना मला विलक्षण वाटते. २००७ मध्ये डार्सी राइझमन आणि बॅस्टियन यांनी हा परिणाम प्रसिद्ध केला. तो लवकर ओसरतो, पण चार आठवड्यांच्या सरावानंतर काही रुग्णांमध्ये सुधारणा टिकल्याचे २०१३ मध्ये दिसले. लहान मेंदूला इजा झालेल्यांना मात्र असे जुळवून घेणे फार जड जाते.

२०२० पासून आयफोनही कमरेजवळच्या खिशातून चालीतली असमानता टक्क्यांत नोंदवतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्यागणिक फरक उतरतोय का, एवढे त्यातून कळू शकते. आखूड पाऊल कोणत्या पायाचे आणि ते का आखडले, हे मात्र त्या टक्क्यांत नसते. त्यासाठी चालणाऱ्याकडे बघणारे अनुभवी डोळे आणि ती जमिनीतली प्लेट लागते.