लंडनची काळी माती आणि भाड्याचे गाळे

नदीकाठची जमीन कुजत पडलेली असते तोवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तिथे स्वस्त भाड्यात गॅरेजवाले, भंगारवाले, रंगारी, वेल्डिंगवाले बसतात आणि पोट भरतात. मग एक दिवस सरकारला किंवा बिल्डरला त्या जमिनीची किंमत कळते. तेव्हा ती जमीन साफ कशी होते, पैसा कोण घालतो आणि तिथला कारागीर कुठे जातो, हे आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेणे जरुरीचे आहे. त्यासाठी आम्ही पूर्व लंडनमधील ली नदीचे उदाहरण घेतले आहे.

ली ही टेम्सला मिळणारी लहान नदी. 1844 साली लंडन शहरातील इमारतींविषयी जो कायदा झाला, त्याने घाणेरड्या व धोकादायक धंद्यांवर निर्बंध घातले. पण त्या कायद्याची हद्द ली नदीपाशी संपत होती. पलीकडचा वेस्ट हॅम एसेक्स परगण्यात. साहजिकच हाडे उकळणारे, साबणवाले, रसायनवाले पलीकडे जाऊन बसले. अलीकडच्या काठावर हॅकनी विक येथे अलेक्झांडर पार्क्स याने 1866 मध्ये आद्य प्लास्टिकचा कारखाना काढला होता. ‘पेट्रोल’ हे नाव बाजारात आणणारी कंपनीही याच हॅकनी विकची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या घरांचा राडारोडा याच परिसरातील दलदलीत ओतला गेला. शंभर-दीडशे वर्षांत जमिनीत तेल, डांबर, शिसे, आर्सेनिक, सायनाइड असे काय काय मुरले. मोठे कारखाने बंद पडले, मालक गेले, विष मात्र तिथेच राहिले.

जुलै 2005 मध्ये लंडनला 2012 चे ऑलिंपिक मिळाले आणि हीच जागा ठरली. सुमारे अडीच चौरस किलोमीटर. तेव्हा तिथे दोनशेच्या आसपास धंदे चालू होते व त्यांत सुमारे 5 हजार माणसे कामाला होती. म्हणजे ही ‘पडीक’ जमीन नव्हती. वर्तमानपत्रांतून मात्र तसेच लिहिले जात होते. सक्तीच्या संपादनाचा हुकूम डिसेंबर 2006 मध्ये कायम झाला आणि जुलै 2007 पर्यंत जागा रिकामी झाली.

आता माती धुण्याची गोष्ट. हे काम साधे नाही, पण त्याचे तत्त्व आपल्या कोणत्याही कारागिराला लगेच कळेल. विषारी द्रव्ये बहुतेक करून बारीक गाळाला चिकटतात; वाळू आणि खडीला कमी. म्हणून माती मोठ्या यंत्रात पाण्याने खळबळून चाळतात. वाळू-खडी वेगळी होऊन पुन्हा वापरता येते, बारीक चिखल तेवढा उचलून कचराभूमीत न्यावा लागतो. तेलाने बरबटलेल्या मातीचे ढीग घालून त्यांना हवा देतात, म्हणजे मातीतलेच सूक्ष्म जंतू तेल खाऊन टाकतात. काही माती सिमेंटसारखा पदार्थ मिसळून घट्ट करतात, म्हणजे धातू पाण्याबरोबर झिरपत नाहीत. या जागेला तिथे ‘मातीचे इस्पितळ’ म्हणत. सुमारे 20 लाख टन माती अशी साफ केली गेली. वर खुणेचे कापड अंथरून त्यावर दोन फुटांच्या आसपास स्वच्छ मातीचा थर दिला, म्हणजे पुढे कोणी खणले तर कुठे थांबायचे ते कळावे. विजेचे 52 मनोरे काढून तारा बोगद्यातून नेल्या.

हा खर्च कोणी केला? ब्रिटनच्या कायद्यात प्रदूषण करणाऱ्याने सफाई करावी असे तत्त्व आहे आणि तो सापडला नाही तर जबाबदारी मालकावर किंवा कब्जेदारावर येऊ शकते. ली काठचे जुने गुन्हेगार कधीच संपले होते, म्हणून बोजा मुख्यतः सरकारी तिजोरीवर पडला. पण आमच्या मते व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याची बाब वेगळीच आहे. जमिनीची किंमत ठरवताना सफाईचा खर्च वजा धरण्याची पद्धत आहे. म्हणजे गटारात सोडलेले रसायन पुढे मालकाच्या भरपाईतून कापले जाऊ शकते.

दुसरी बाब अधिक कडू. तिथल्या कायद्यानुसार भरपाई काढताना, योजनेमुळे जी किंमत वाढली ती धरत नाहीत. योजना आलीच नसती तर जागेला काय भाव मिळाला असता, तोच भाव. धंदेवाल्याच्या हाती घाण गल्लीचा भाव पडतो आणि नवी जागा मात्र वाढलेल्या बाजारात घ्यावी लागते. स्थलांतराचा खर्च व धंद्याचे नुकसान यांची भरपाई आहे, पण वर्षभराच्या किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाडेकरूचा हक्क फार तोकडा. फॉर्मन नावाचा मासे धुरावण्याचा शंभर वर्षांचा जुना कारखाना जिथे होता, तिथे आज मोठे स्टेडियम उभे आहे. त्याने दीर्घ भांडण केले आणि पाण्यापलीकडेच फिश आयलंडवर नवी इमारत बांधली. प्रत्येकाला हे जमण्यासारखे नव्हते. कित्येक धंदे शहराच्या आणखी बाहेर गेले.

उद्यान सुंदर झाले यात वाद नाही. नदी मोकळी झाली, विद्यापीठ आले, घरे आली. खेळाडूंच्या वसाहतीतील निम्मी घरे व पुढच्या बांधकामाची जमीन 2011 मध्ये 55 कोटी 70 लाख पौंडांना विकली गेली. घेणाऱ्यांत कतार सरकारची कंपनी होती. गॅरेजवाल्याला मात्र त्या उद्यानात जागा नाही.

आपल्याकडे मिठी नदीच्या काठावरील अनेक बांधकामे 2005 च्या महापुरानंतर हटवली गेली, त्यांत लहान कारखानेही होते. अतिक्रमण म्हणून हटवणे आणि कायद्याने संपादन करणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1 जानेवारी 2014 पासून लागू असलेल्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात जमीन नसलेले भाडेकरू व कारागीर हेही ‘बाधित कुटुंब’ धरले आहेत. अट अशी की, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम असावे व मुख्य रोजी त्यावरच असावी. विस्थापित कारागीर व छोट्या व्यापाऱ्याला किमान 25 हजार रुपये एकरकमी मदत आहे. रक्कम क्षुल्लक आहे, पण हक्क कागदावर आहे आणि तो मागायला कागदच लागतो.

तेव्हा गाळा भाड्याचा असेल तर दर महिन्याची पावती मागून घ्यावी आणि ती आपल्या नावाने असावी. गुमास्ता नोंदणीचा कागद जपून ठेवावा. वीजबिल मालकाच्या नावावर असेल तर सबमीटरच्या पैशांची तरी सही घेऊन ठेवावी. प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र लागणारा धंदा असेल तर तेही याच फाईलमध्ये हवे, आणि फाईलची एक झेरॉक्स गाळ्यात नव्हे, घरी.