दर्शनाची उलटतपासणी

१७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने एक नियमावली जाहीर केली आणि कॅथलिक जगातला एक जुना प्रश्न निकालात न काढताच बाजूला ठेवला. कुठे मरिया माउलीचे दर्शन झाल्याचा बोभाटा झाला, की त्या धर्मप्रांताच्या बिशपने चौकशी नेमायची आणि अखेर सांगायचे: दर्शन दैवी होते, दैवी नव्हते, किंवा काहीच ठरवता येत नाही. ही तोवरची रीत होती. नव्या नियमांत सहा निष्कर्षांची उतरंड आहे. सगळ्यांत वरचा निष्कर्ष ‘हरकत नाही’ एवढाच आणि सगळ्यांत खालचा ‘हे दैवी नाही’. एखादे दर्शन दैवी होते असा निर्वाळा यापुढे बिशप देणार नाही. पोपने अपवाद म्हणून तशी वाट मोकळी केली तरच. म्हणजे ‘नाही’ म्हणायची सोय राहिली, ‘हो’ म्हणायची जवळपास गेली. फ्रान्समधल्या लूर्ड्सच्या १८५८ मधल्या दर्शनांपासून या नियमावलीपर्यंतच्या १६६ वर्षांकडे मागे वळून पाहिले, तर दिसते की दर्शनांची पत ज्यांनी राखली ते बहुतेक चर्चच्या आतलेच शंकेखोर होते. नव्या नियमांना जोखायचे तेही याच कसोटीवर: त्यांनी शंकेला काम शिल्लक ठेवले आहे का?

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. लूर्ड्सचे किंवा पोर्तुगालमधल्या फातिमाचे दर्शन मानलेच पाहिजे, अशी कॅथलिक माणसावर सक्ती नाही. देवाने मानवजातीला जे सांगायचे ते येशू ख्रिस्तात सांगून झाले, अशी चर्चची शिकवण आहे; त्यानंतरचे प्रत्येक दर्शन ‘खासगी प्रकटीकरण’ ठरते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले, की बिशपने पारखल्याशिवाय कोणताही नवा चमत्कार मान्य करायचा नाही. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी या कायदेपंडिताने, जो पुढे चौदावा बेनेडिक्ट म्हणून पोप झाला, त्याहून नेमकी रेघ ओढली. मंजूर दर्शनावर ठेवायचा तो विश्वास माणसाच्या भरवशाच्या साक्षीवर ठेवतो तसा असतो. श्रद्धासिद्धांतावर ठेवतो तसा नसतो. साक्ष म्हटली की उलटतपासणी आली. तेव्हा शंका या व्यवहारात बाहेरून घुसलेली नाही, ती नियमानेच आत बसवलेली आहे.

१८५८ साली लूर्ड्समध्ये हा नियम प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात चौदा वर्षांच्या बर्नाडेट सुबिरूने मासाब्येलच्या गुहेत अठरा वेळा कुणाला तरी पाहिले. कुणाला, हे ती सांगत नव्हती. आपल्या बोलीत ती त्या आकृतीला ‘आकेरो’ म्हणे, म्हणजे नुसते ‘ते’. मरियेचे नाव लोकांनी जोडले. पोलीस अधिकारी जाकोमे याने तिची जबानी घेतली आणि तिला शब्दांत पकडायचा प्रयत्न केला. गावचे धर्मगुरू पेरामाल तिच्यावर डाफरले. त्या बाईने आधी नाव सांगावे आणि गुहेतले रानगुलाब फुलवून दाखवावे, असा निरोप त्यांनी धाडला. गुलाब फुलले नाहीत. नाव मात्र २५ मार्चला आले: ‘निष्कलंक गर्भसंभव’. हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी चारच वर्षांपूर्वी घोषित केला होता आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलीच्या तोंडी तो आल्याने पेरामाल हादरले. त्याच वसंतात गावात दर्शने पाहणाऱ्यांची साथच पसरली. डझनावारी लोकांना गुहेत काहीबाही दिसू लागले. बिशप लॉरांस यांनी जुलैअखेर समिती नेमली, निकाल द्यायला १८ जानेवारी १८६२ उजाडले आणि तो निकाल एकट्या बर्नाडेटच्या बाजूने होता. बाकीच्यांची नावेही आज कुणाला ठाऊक नाहीत. ही चाळणी लागली नसती, तर त्या गर्दीत बर्नाडेटही वाहून गेली असती.

लूर्ड्सच्या आजारमुक्तीच्या दाव्यांनाही हीच शिस्त लागली. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचे तपासणी कार्यालय आहे आणि कोणत्याही धर्माच्या किंवा निधर्मी डॉक्टरला तिथली कागदपत्रे पाहता येतात. आजवर सात हजारांच्या आसपास दावे नोंदले गेले. बिशपांनी चमत्कार म्हणून मान्य केलेल्या दाव्यांची संख्या २०१८ मध्ये सत्तरवर पोहोचली. म्हणजे शंभरात एक. डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द वापरतच नाहीत. ‘आजच्या वैद्यकाला उलगडा होत नाही’ एवढेच म्हणतात, पुढचा शब्द बिशपचा. यावर बुद्धिवाद्यांचा आक्षेप रास्त आहे: लाखो रुग्ण जिथे जातात तिथे सत्तर न उलगडणाऱ्या घटना निव्वळ योगायोगानेही घडतील. पण या आक्षेपाला जो हिशेब लागतो, तो चर्चनेच मांडून ठेवला आहे. एमिल झोला १८९२ मध्ये लूर्ड्सला गेला, दोन वर्षांनी त्याने कादंबरी लिहिली आणि चर्चने ती निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकली. ते त्या संस्थेचे भित्रे रूप. तरी झोलाला शंका घ्यायला हव्या होत्या त्या नोंदी त्याच्यासाठी कुणी लपवून ठेवल्या नव्हत्या.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. जी दर्शने चर्चच्या सोयीची होती तीच मंजूर झाली, असे म्हटले जाते. लूर्ड्सने ताज्या सिद्धांतावर शिक्का मारला. फातिमाने धर्मविरोधी पोर्तुगीज प्रजासत्ताकाला उत्तर दिले. यात तथ्य आहे, पण ते पुरे पडत नाही. १८७६ साली जर्मनीतल्या मार्पिंगेन गावी तीन लहान मुलींनी मरिया पाहिली. बिस्मार्कचे सरकार तेव्हा कॅथलिकांना चेपत होते, ट्रिअरच्या बिशपची गादी रिकामी होती आणि जमलेल्या भाविकांवर प्रशियन सैन्य धाडले गेले. छळाच्या काळात याहून सोयीचे दर्शन कोणते? तरी मार्पिंगेनला मंजुरी मिळाली नाही. तिघींपैकी एकीने पुढे ते खोटे असल्याचे कबूल केले आणि २००५ मध्ये धर्मप्रांताने दावा अमान्यच ठेवला. स्पेनमध्ये १९३१ साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, चर्चेस जाळली गेली, आणि त्याच उन्हाळ्यात बास्क प्रांतातल्या एस्किओगाच्या टेकडीवर हजारो लोक जमू लागले. तीही दर्शने उजव्या कॅथलिकांच्या पथ्यावर पडणारी होती. स्थानिक बिशपने ती नाकारली आणि १९३४ मध्ये रोमने नकारावर शिक्कामोर्तब केले. सोय हेच कारण असते, तर ही दोन्ही गावे आज तीर्थक्षेत्रे असती.

फातिमाने मात्र या पद्धतीची मर्यादा उघडी पाडली. १९१७ च्या मे ते ऑक्टोबरमध्ये लुसिया आणि तिची आतेभावंडे फ्रान्सिस्को व जसिंता यांना दर्शने झाली. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या प्रशासकाने मुलांना उचलून नेऊन धाकदपटशा केला, तरी ती बधली नाहीत. १३ ऑक्टोबरला हजारोंच्या जमावाने सूर्य थरथरताना पाहिल्याचे सांगितले आणि ते वृत्त ‘ओ सेक्युलो’ या धर्माला फारसा मान न देणाऱ्या दैनिकाच्या वार्ताहराने छापले. लैरियाच्या बिशपने १९३० मध्ये मान्यता दिली. इथवर सारे लूर्ड्ससारखे. पण लुसिया जगली, जोगीण झाली आणि लिहीत राहिली. नरकाचे दृश्य, रशियाचे समर्पण हे तपशील १९३५ नंतरच्या तिच्या आठवणींतून विस्ताराने पुढे आले. बेल्जियन जेझुइट एदुआर दानिस याने १९४४ मध्ये विचारले, की १९१७ ची साक्ष आणि वीस वर्षांनंतरची साक्ष यांना एकच वजन कसे द्यायचे? प्रश्न श्रद्धावंताचा होता, तरी त्याच्यावर टीकेची झोड उठली. २००० साली तिसरे ‘गुपित’ प्रसिद्ध झाले, तेव्हा कार्डिनल रात्झिंगर यांनी सोबतच्या भाष्यात पुन्हा जुनीच रेघ ओढली: असे प्रकटीकरण हा एक आधार आहे, तो घ्यायची सक्ती नाही. मंजुरी एका काळातल्या घटनेला मिळते; साक्षीदार पुढे जन्मभर जे बोलेल त्याला ती आपोआप लागू होत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीच्या अडचणी आणखी वाढल्या. युद्धानंतर युरोप-अमेरिकेत दर्शनांचे पेव फुटले, तेव्हा १९५१ मध्ये मोन्सिन्योर ओत्ताव्हियानी यांना व्हॅटिकनच्या दैनिकात चमत्कारांच्या हव्यासाविरुद्ध लिहावे लागले. १९६६ मध्ये दर्शनांविषयी पूर्वपरवानगीशिवाय छापायची मुभा मिळाली आणि बातमी बिशपच्या चौकशीच्या पुढे धावू लागली. १९७८ मध्ये चौकशीचे नियम तयार झाले, पण ते लॅटिनमध्ये, फक्त बिशपांसाठी. अधिकृतपणे ते लोकांसमोर यायला आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला. कसोटी गुप्त ठेवली की निकालावर विश्वास कसा बसायचा? १९५० पासून सहापेक्षा जास्त प्रकरणे अधिकृतपणे निकालात निघाली नाहीत, हे नव्या नियमावलीनेच सांगून टाकले आहे. ॲम्स्टरडॅमची तर दैनाच झाली. तिथल्या १९४५ पासूनच्या दर्शनांना रोमचा नकार होता, तरी २००२ मध्ये स्थानिक बिशपने ती दैवी ठरवली. ती १९७४ मध्येच ‘दैवी नाहीत’ असे ठरले होते, हे रोमने जाहीर केले ते २०२४ साली. निकाल कपाटात आणि भाविक रस्त्यावर, अशी ही पन्नास वर्षे.

तरीही जुनी पद्धत नीट चालवली तर काय साधते, हे रवांडातल्या किबेहोने दाखवले. २८ नोव्हेंबर १९८१ रोजी शाळकरी आल्फोन्सिन मुमुरेके हिला दर्शन झाले. सोबतिणींनी तिची टर उडवली, तंद्रीत असताना तिला टोचून-भाजून पाहिले. टर उडवण्यात पुढे होती ती मारी क्लेअर मुकांगांगो. पुढे तिलाही दर्शने होऊ लागली. १९८२ मध्ये बिशपने डॉक्टरांची आणि धर्मपंडितांची अशा दोन समित्या नेमल्या. पाहणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तरी २९ जून २००१ च्या निकालात बिशप ओगुस्तँ मिसागो यांनी मान्य केल्या त्या तिघीच. किबेहोच्या चर्चमध्ये १९९४ साली कत्तल झाली होती, मारी क्लेअर त्या काळात बळी पडली होती आणि रक्ताच्या नद्यांचे दृश्य तिथल्या दर्शनांत आधीच आले होते असे सांगितले जाई. एवढ्या भावनेच्या भरात सरसकट ‘हो’ म्हणणे सोपे होते. समितीने तिघींना निवडले आणि बाकीच्यांना वगळले, म्हणून त्या ‘हो’ला किंमत आली.

मेजुगोर्येत मात्र नेमके हेच जमले नाही. जून १९८१ मध्ये हर्सेगोव्हिनातल्या या गावी सहा मुलामुलींना दर्शन झाले. मोस्तारचे बिशप झानिच आधी अनुकूल होते, मग कट्टर विरोधक झाले. १९९१ मध्ये तिथल्या बिशपांनी ‘दैवी असल्याचे ठरवता येत नाही’ असा कौल दिला. पण दर्शने थांबलीच नाहीत, आणि चालू असलेल्या साक्षीचा निकाल लावायचा कसा? २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, मरिया म्हणजे दररोज ठरल्या वेळी संदेश धाडणारे तारऑफिस नव्हे, अशा अर्थाचा टोला हाणला. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच मंजुरीने मेजुगोर्येला ‘हरकत नाही’ मिळाले. कारण दिले ते फळांचे: कबुलीजबाब, धर्मांतरे, धर्मगुरू होण्याची ओढ. संदेश दैवी आहेत असे मात्र म्हटले नाही.

इथे श्रद्धावंत आणि संशयवादी दोघेही एकच तक्रार करतात, की ही पळवाट आहे. मला तसे वाटत नाही. लबाडी सिद्ध करता येते. स्वर्गातून कुणी आले हे चौकशी समितीला सिद्ध करता येत नाही. ‘नाही’ राखून ‘हो’ सोडून देण्यात ही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य झाली. शिवाय भक्तीला निर्वाळा लागतोच असे कुठे आहे? वांद्र्याची मोत माउली किंवा माहीमची बुधवारची नोव्हेना कुठल्या दर्शनाच्या दाखल्यावर उभी नाही. वांद्र्याहून वेलांकण्णीला यात्रेच्या खास गाड्या सुटतात. तिथल्या दर्शनकथा परंपरेने चालत आलेल्या, चौकशीविनाच. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॅटिकनने तंजावरच्या बिशपना वेलांकण्णीविषयी गौरवाचे पत्र लिहिले, तेही तिथे येणाऱ्या बिगरख्रिस्ती यात्रेकरूंची आस्थेने दखल घेऊन.

खरा धोका दुसरा आहे. फळांवरून झाड ओळखायचे ही कसोटी शुभवर्तमानातलीच, पण फळे मोजायला गर्दी पुरते आणि गर्दी मार्पिंगेनलाही होती, एस्किओगालाही होती. यात्रा फुलली म्हणून चौकशी नको, असे एकदा ठरले, की साक्षीदाराला बसवून तोच प्रश्न चारदा विचारायचे कंटाळवाणे काम कुणी करणार नाही. नव्या नियमांत चौकशीची तरतूद आहे; ती किती कसून होते यावर सारे अवलंबून राहील. ‘हे खरोखर कोण?’ असे विचारणारा पेरामाल प्रत्येक गावी हवा. बाकी निष्कर्षाचे म्हणाल, तर १६६ वर्षांनी चर्च बर्नाडेटच्या पहिल्या जबानीपाशी येऊन थांबले आहे. तिला दिसले तेवढेच तिने सांगितले, आणि नाव कळेपर्यंत ‘ते’ म्हणण्यावर ती अडून राहिली.