तळ्याच्या तळाची ओळख : एक मागोवा

सरोवराचे पाणी वरून एकसारखे दिसत असले, तरी प्रकाश, उष्णता, प्राणवायू आणि तळाची ठेवण त्यात जागोजागी निराळी असते व मासे त्यानुसारच वावरतात, ही समज पक्की होण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. १८६५ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. पुढे तीच तबकडी सरोवरांत वापरली जाऊ लागली आणि पाणवनस्पती साधारण किती खोलीपर्यंत रुजतील, म्हणजेच पिल्लांना आसरा कोठवर मिळेल, याचा अंदाज बांधता येऊ लागला.

मासेमाराच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाले. तेथे एडवर्ड बर्ज यांना मेंडोटा सरोवरात उन्हाळ्यात वरचे ऊबदार व तळाचे थंड पाणी यांच्यामध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक थर आढळला. १८९७ मध्ये त्यांनी त्याला ‘थर्मोक्लाइन’ हे नाव दिले. चॅन्सी ज्युडे यांच्यासह १९११ मध्ये त्यांनी सरोवरांतील विरघळलेल्या वायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. या थराखालच्या पाण्याचा हवेशी संपर्क तुटतो आणि कुजणारा गाळ तेथला प्राणवायू खात राहतो, त्यामुळे सर्वांत खोल जागीच मोठा मासा असतो हा नवशिक्याचा समज अशा सरोवरांत भर उन्हाळ्यात बहुधा खोटा ठरतो. महाराष्ट्रातील उथळ जलाशय मात्र वाऱ्याने ढवळले जातात, त्यामुळे तेथे हा थर सहसा फार काळ टिकत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला लक्ष तळाच्या ठेवणीकडे वळले. नॉर्थ कॅरोलायनाचे बक पेरी यांनी उंचवटे, उतार व कडा यांच्या आधाराने मासे खोल पाण्यातून उथळाकडे ये-जा करतात, हे हौशी मासेमारांना शिकवले. आणि १९५७ मध्ये कार्ल लोरान्स यांनी ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली व मासे दाखवणारे, सामान्य माणसाला परवडेल असे यंत्र बाजारात आणले.

त्याच वर्षी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा (पिट्युटरी) अर्क टोचून भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले. हे मासे स्थिर पाण्यात सहसा वीण करत नाहीत, म्हणून आपल्या तलावांत त्यांचे बीज सोडावे लागते, आणि त्यांच्या व इतर माशांच्या सवयी गळ टाकणाऱ्याने आधी जाणून घ्याव्यात : कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, तर हवेतून श्वास घेऊ शकणारा मरळ काठच्या गवतात दबा धरतो.

तळ पाहण्यासाठी पाश्चात्त्यांना जे प्रतिध्वनीचे यंत्र घडवावे लागले, त्याचे बरेचसे काम महाराष्ट्रात उन्हाळाच करून देतो, आणि या देणगीकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे म्हणावे लागते. भीमेवरील उजनी जलाशयाचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते; त्याचप्रमाणे बुडालेले शेतांचे बांध, जुने रस्ते, ओढ्यांची पात्रे आणि झाडांची खोडेही दिसू लागतात. चिलापी (तिलापिया) माशाच्या नराने विणीसाठी उकरलेले परातीसारखे गोल खळगे काठच्या सुकत्या गाळात आढळतात, आणि वीण काठच्या उथळ पाण्यात होते हे त्यांवरून कळते. ओढ्याची कड माशांच्या ये-जा करण्याची वाट ठरते, तर खोडांभोवती शेवाळ व किडे वाढत असल्याने तेथे चारा आणि आडोसा दोन्ही मिळतात.

म्हणून गळ घेण्यापूर्वी नवशिक्याने मे महिन्यात, ओल्या गाळात पाय रुतणार नाही अशा बेताने, एखाद्या परिचित तलावाचा उघडा तळ हिंडून पाहावा आणि बांध, ओढा व खोडे यांच्या जागा काठावरच्या कायम खुणांच्या संदर्भाने पावसापूर्वी कागदावर उतरवून ठेवाव्यात.